पोरींची खिडकी

न्हाई वो राहीबाई, पुस्तक अडकलंय म्हनून न्हाई आले मी. पुष्पाकडं कालिजाचं एकबी पुस्तक बाकी न्हाई, सगळी जमा हायती. मी आपली सहज — सहज तरी कसं म्हनू, काष्टीला यष्टीतनं उतरून एवढ्या उन्हाचं तुमच्या वस्तीवर चालत आले, त्ये काय सहज? मी छबूबाई. कालिजाच्या लायबरीत असते. पुष्पा बोलली असंल की घरात, छबूमावशी छबूमावशी म्हनून — न्हाई बोलली? बरं. तुमी निवडा तुमची रेशनची मिलो जवारी, हात नका थांबवू. यंदा आमच्याबी ताटात हीच तांबडी. मी बसते हितं, भितीच्या सावलीला.

तर काय म्हनत हुते — पुष्पा संक्रांतीपास्नं कालिजात न्हाई. पयलं वाटलं आजारी असंल. मग पोरींनी सांगितलं, घरचं पाठवत न्हाईत, सोयरीक बघत्यात. आन कारन काय, तर ती पोरांच्या रांगंत उभी ऱ्हाती. मी म्हनलं जावं, तिच्या आईला भेटावं. अवो, रांग तिनं लावली का? सायबाचा हुकूम. पुष्पाचा ह्यात काडीचा दोष न्हाई, एवढं सांगायला आले. महिन्यावर परीक्षा आली. तेवढी तरी देऊ द्या तिला.

समजून घ्या, आधी कसं हुतं. लायबरीत चार ठिकानं. पुस्तक घ्यायचं फुडच्या खिडकीत, परत करायचं मागल्या दाराला, पेपर-मासिकं तिसरीकडंच, आन पोरींची खिडकी येगळी, पोरींच्या खोलीच्या भितीत. तिथं मी बसायची. पोरीनं नाव सांगायचं, मी आत जायचं, पुस्तक असलं तर आनायचं, पोरांनी नेलं असलं तर हात हलवत यायचं. बहुतेक येळा हात हलवतच. पोरी दिसायच्या न्हाईत, पोरं दिसायची न्हाईत — तुमच्यासारख्या घरात त्येच पायजे असतंय, व्हय ना? मग यंदा नवं सायेब आलं, गोरक्षनाथ सर. म्हनले, ही पोरं निस्ती हिकडनं तिकडं हिंडत्यात, चारी ठिकानं मोडा, दारासमोर एकच लांब टेबल लावा. द्यायचं, घ्यायचं, इचारायचं, समदं तिथंच. रांग एक. दिवाळीच्या सुट्टीत गवंडी आला, पोरींची खिडकी इटा लावून बंद केली. आमी गरिबांनी काय बोलावं —

न्हाई. खोटं कशाला बोलू तुमच्या दारात. सायबानं इचारलं हुतं. समद्यांना बसवून इचारलं, आन माझ्याकडं वळून म्हनले, छबूबाई, पोरींचं तुमाला म्हाईत, ही खिडकी काढली तर चालंल का? मी एक शब्द बोलले असते ना, खिडकी ऱ्हायली असती. मी म्हनलं, चालंल की. का म्हनलं? — अवो, त्या खोलीत अंधार, ओल, दिवसभर बोलायला मानूस न्हाई. नवरा वारल्यावर सासऱ्यानं खटपट करून ही नोकरी लावली, तवापास्नं मी त्या भोकापाशी. मला वाटलं आपनबी हालमधी बसावं, पंख्याखाली, चार मान्सांत. झाडू मारनारी बाई म्हनून न्हाई, टेबलावरची म्हनून. पोरींना इचारायचं माझ्या ध्यानातच आलं न्हाई. आता निम्म्या पोरी लायबरीत पाऊल टाकत न्हाईत. खोलीत बसत्यात, आन इटा लावलेल्या जागंकडं बघत्यात. मी समोरनं गेले की पाठ फिरवत्यात.

पन तुमची पुष्पा तशी न्हाई, राहीबाई. ती पयल्या दिवशी आली, पदर खोचला, रांगंत उभी ऱ्हायली. मागं पोरं खाकरायला लागली, हिनं वळूनसुदिक बघितलं न्हाई. टेबलावर आली आन म्हनली, मावशी, आता सांगा, पुस्तक न्हाई म्हनून. मी हसले. तिला पायजे त्ये पुस्तक मिळालं, दीड वर्सात पयल्यांदा! मग रोज यायची. चार-आठ दिसांत खाकरनंबी बंद झालं. तिचं वाचन एवढं, की पोरं तिलाच इचारायची, ह्या धड्याला कुठलं पुस्तक घ्यावं, त्या कवितेला कुठलं. मला एवढं बरं वाटायचं — जशी काय माझीच लेक. त्याच भरात मी त्या दिवशी यष्टीत —

पानी देता का थोडं? — बरं, ऱ्हाऊ द्या.

बाजारचा दिवस हुता. तुमचे दीर, आबासाहेब, फुडच्या बाकावर. वळून म्हनले, काय छबूबाई, आमची पुष्पा शिकती का न्हाई? आन मी म्हनलं — जीभ झडली असती तर बरं झालं असतं — मी म्हनलं, शिकती? अवो, पोरं तिच्याभोवती गोळा हुत्यात! मी हुशारीचं सांगत हुते, राहीबाई. अख्ख्या यष्टीनं ऐकलं. आबासाहेब काष्टी येईस्तोवर फुडंच बघत बसले. मी उठून सांगायला पायजे हुतं, तसं न्हाई म्हनून. मी पिशवी धरून बसून ऱ्हायले.

म्हनून म्हनते, दोष माझा. पोरीला कोंडू नका. मी सोता तिच्या शेजारी उभी ऱ्हाईन, यष्टीत बसवून दीन. आन त्ये भिमाजीचं जे काय मनात घेतलंय तुमी, त्ये काढून टाका. राहात्याकडचं शेतकऱ्याचं पोरगं, खाली मान घालून बोलतंय. पुस्तक परत करताना तिच्यासाठी बाजूला ठिवायला सांगायचं, एवढंच. चांगलं हसायचे-बोलायचे दोघं, माझ्या डोळ्यांदेखत, त्यात वाईट —

का वो? हात का थांबला?

कोन भिमाजी म्हंजी? आबासाहेबांनी — नाव न्हवतं सांगितलं? रांगंत उभी ऱ्हाती, एवढंच? म्हंजी तुमाला — न्हाई, कुनी न्हाई. तसं कुनीच न्हाई. रांगंत पन्नास पोरं, त्यातलं एक. मी आपलं एक नाव घेतलं, राहीबाई, मला बोलायची खोड —

तिला कशाला हाका मारता? तिला नका काय इचारू. मला इचारा, मी बसलीय की हितं. पुष्पा, तू आतच ऱ्हा, बाय, बाहीर नको येऊ — अवो, सूप तरी खाली ठिवा — राहीबाई, दार कशाला लावता आतनं — राहीबाई —