तळमजल्याच्या पायऱ्या

...आणि वर हा अवधूत मलाच म्हणतो, "सर, तुम्ही टेन्शन घेऊ नका." आता तुम्हीच सांगा, घर माझं, बायको माझी, गुडघे तिचे, मग टेन्शन मी नाही घ्यायचं तर काय तालुक्यात वाटून टाकायचं? तुम्हाला सांगतो, या एका वाक्याने मला जेवढं छळलंय तेवढं रक्तदाबानेही छळलेलं नाही. कारण काय, तर राहुरीत दर तिसरा माणूस माझा विद्यार्थी. जन्मभर कृषी विद्यापीठात माती शिकवली मी. मृदाशास्त्र म्हणायचं त्याला, पण माती म्हटलंत तरी चालेल, शेवटी झाली ती मातीच. आणि माझ्या हाताखालून गेलेली ही पोरं आज करतात काय? शेती? छे छे. एक बँकेत, एक परवान्याच्या कचेरीत, एकाचं फरशीचं दुकान, आणि ज्याला मी शेताची बांधबंदिस्ती शिकवली तो अवधूत बंगले बांधतो. शेती सोडून सगळं करतात. आणि मी दिसलो की पाया पडतात. पाया पडणाऱ्या माणसाशी भांडता येतं का हो? आपण तोंड उघडेपर्यंत तो खाली वाकलेला असतो, आणि वर येतो तो तेच वाक्य घेऊन येतो... सर, तुम्ही टेन्शन घेऊ नका.

मूळ मागणी काय होती ते ऐका. अगदी साधी होती. आम्ही दोघं भाड्याच्या घरात, पहिल्या मजल्यावर. दमयंतीचे, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींचे, गुडघे गेले. डॉक्टर म्हणतात बदलून टाकू, ती म्हणते माझे आहेत ते राहू द्या. झालं, खाली उतरणं बंद. भाजीवाल्याला गॅलरीतून दोरीने पिशवी सोडायची, त्याने वांगी किडकी घातली तर वरूनच भांडायचं, आणि वरून भांडलेलं सगळ्या आळीला ऐकू जातं. एक दिवस पिशवी ओढता ओढता म्हणाली, "अहो, मला एकदा चप्पल घालून दारातून सरळ मातीत पाऊल टाकायचंय. बास." बघा म्हणजे. पाटल्या नाहीत, काशीयात्रा नाही. दारातून पाऊल टाकलं की माती. आणि नवरा कोण, तर मातीतला डॉक्टर! मी म्हटलं, एवढंसुद्धा मला जमणार नाही का? त्याच क्षणी मनात आलं की बहुधा नाही जमणार, पण ते मनातच ठेवलं.

गावाबाहेर प्लॉट घेतला. अवधूतने नकाशा काढला. बैठं घर, जिना नाही, माळा नाही, पुढे अंगण. जमिनीपासून वर जो चौथरा उचलतात, जोतं, ते केवढं, तर वीतभर. म्हणाला, "मॅडमना कळणारसुद्धा नाही कधी आत आल्या." मीही खूश. घरी आलो, जेवलो, आडवा झालो, आणि आठवलं... अरे, जमीन काळी आहे! आता काळी माती म्हणजे अगदी माझाच स्वभाव. पावसात फुगते, उन्हात भेगाळते, स्वस्थ म्हणून कधी बसत नाही. त्या भेगांवर तर मी पीएचडी केलेली. सकाळी उठून अवधूतला गाठलं, त्याला तासभर भेगा समजावल्या, मिस्त्री आणि बायामाणसं घमेली खाली ठेवून ऐकत बसली. त्यांची तेवढीच विश्रांती झाली. अवधूत शांतपणे म्हणाला, "सर, तुम्ही टेन्शन घेऊ नका. काळी काढू, मुरूम भरू, वर विटांचे दोन थर चढवू." चढवले.

मग परवाना. आता परवान्याबद्दल तुम्ही काय काय ऐकलेलं असेल ते मीही ऐकलेलं होतं, खेटे घालावे लागतात, चपला झिजतात, म्हणून मी नवीन चपला घेऊनच गेलो होतो. तिथं सुनील. माझाच विद्यार्थी. पाया पडला, चहा मागवला, आणि परवाना दिला. लगेच! मला सांगा, शहाण्या माणसाला अशा वेळी झोप लागेल? इतक्या लवकर कसा दिला? काहीतरी बघायचं राहिलं असणार. उद्या कोणी उठून म्हणालं, घर पाडा, तर? मी परत गेलो. म्हटलं, "सुनील, नीट बघितलंस ना रे?" तो म्हणाला, बघितलं सर. मी पुन्हा दोन दिवसांनी गेलो. आता गुरुजी पुन्हा पुन्हा विचारताहेत म्हणजे उत्तर चुकलंय, असं विद्यार्थ्याला वाटणारच ना? त्याने कपाटातून फाइल काढली, पुन्हा पहिल्यापासून वाचली, आणि त्याचाही चेहरा माझ्यासारखा झाला. म्हणाला, "सर, नियमात बसतंय. पण रस्त्याच्या मानाने जोतं थोडं वर घेतलंत तर पुढे कधी कुणाला शंकाच नको. तुम्ही टेन्शन घेऊ नका." अजून दोन थर. म्हणजे जे लोकांना चिरीमिरी देऊन मिटवावं लागतं, ते मी फुकटात उकरून काढलं.

तिसरे सूर्यभान. समोरचा बंगला त्यांचा, मागे त्यांचाच ऊस. माणूस फार चांगला, फक्त दुसऱ्याच्या बांधकामावर उभं राहिल्याशिवाय त्याला सकाळचा चहा पचत नाही. कमरेवर हात ठेवून बघितलं आणि म्हणाले, "सर, लई खाली घेताय. ह्यो रस्ता दर विलेक्शनला डांबर खाऊन वर येतोय. आमच्या जुन्या घराला चार पायऱ्या हुत्या, आता दोन पायऱ्या उतरून आत जावं लागतं. आन् उसात जनावर लई. जोतं बुटकं आसलं की सरळ आत येतंय, पाव्हन्यासारखं." जनावर म्हणजे काय ते कळलं ना? साप! आता मी मातीचा माणूस, सापाचा नाही. सापाला किती पायऱ्या चढता येतात हे कोणत्या पुस्तकात असतं? मी अवधूतला विचारलं. तो म्हणाला, सर, तुम्ही... हो, तेच म्हणाला. तीन थर.

तुम्ही म्हणाल, प्राध्यापक महाशय, डोळे कुठं होते तुमचे? जोतं वर वर चाललंय हे दिसलं नाही? तर ऐका, नाही दिसलं. कारण मी जाऊन उभा राहायचो वाळूच्या ढिगावर! दारापुढे वाळू, मुरूम, खडी यांचा असा सुंदर उतार तयार झालेला, की रस्त्यावरून चालत चालत थेट हॉलमध्ये. चढतोय असं वाटायचंच नाही. मी घरी येऊन दमयंतीला सांगायचो, अगं, सपाट आहे सगळं, तळहातासारखं. तिला मोबाइलवर फोटो दाखवायचो. फोटोत तर काय, हिमालयसुद्धा चपटा दिसतो.

आणि दुसरं म्हणजे माझं सगळं लक्ष फरशीवर होतं. ती घसरून पडली तर? हे एकच भूत मानेवर. फरशीच्या दुकानात गेलो, तिथला मालकही माझाच विद्यार्थी, त्याने आरशासारख्या फरश्या काढल्या, त्यात मला माझाच घाबरलेला चेहरा दिसला. मी म्हटलं, पाणी आण. पाणी ओतलं, बूट काढले, मोजे काढले, आणि एकेका फरशीवर चालून बघायला लागलो. दुकानात एक कुटुंब आलेलं, त्यांना वाटलं, फरशी अशीच घ्यायची असते, तेही चपला काढून पाण्यात उतरले. आजी, सून, सगळे. दुकानाचा घाट झाला. चकचकीत नको, दुधी नको, लाकडासारखी दिसणारी तर नकोच, लाकूडही घसरतं. शेवटी कोपऱ्यात एक सापडली, खडबडीत, अंगावर गाठी असलेली. मालक म्हणाला, "सर, ही पार्किंगला घालतात. गाड्यांसाठी असते." मी म्हटलं, गाडी घसरते का? म्हणाला, नाही. मग म्हटलं, बायको कशाला घसरेल? त्याच्या चेहऱ्यावरून वाटलं की माझ्या विधानात कुठेतरी खोट आहे, पण विद्यार्थ्याने कधी गुरूची खोट दाखवलीये का? म्हणाला, टेन्शन घेऊ नका सर, टेम्पोत भरतो. झालं, हॉल, स्वयंपाकघर, देवघर, सगळीकडे पार्किंग.

मग वास्तुशांतीचा मुहूर्त आला. आदल्या आठवड्यात अवधूतने दारापुढची वाळू, खडी सगळी उचलून नेली, आणि तुम्हाला सांगतो... मी रस्त्यावर उभा होतो आणि माझं घर वर होतं! किल्ल्यासारखं. उंबरठा माझ्या छातीच्या बरोबरीला! मी अवधूतकडे बघितलं, अवधूतने पायाकडे बघितलं, माझ्या. पायऱ्या म्हणे नेहमी शेवटीच करतात. केल्या. त्यात वास्तुशास्त्रवाले येऊन मोजून गेले, पायऱ्या सम भरतात, घराला विषम लागतात. मी म्हटलं, मग एक काढा. ते म्हणाले, काढणं अशुभ. घातली. भाड्याच्या घराचा जिना आणि हा, यांत आता फरक एवढाच, की तिथं वर छप्पर होतं, इथं ऊन लागतं.

तरी मी तिला सांगितलं नाही. सांगणार होतो. रोज सांगणार होतो. पण ती ट्रंकेतून अंगणात घालायच्या चपला काढून पुसून ठेवायची, अशा बाईला काय सांगणार?

मुहूर्ताच्या सकाळी अवधूत आणि सुनील यांनी तिला खुर्चीत बसवून जिन्यावरून खाली आणलं. ती डोळे गच्च मिटून, ओठ दाबून. गाडीतून उतरली. चपला घातल्या. वर बघितलं. आणखी वर बघितलं. मग माझ्याकडे वळून हळू म्हणाली, "अहो, आपण खाली राहायला येणार होतो ना?"

पीएचडी आहे ना माझी! मी काळ्या मातीबद्दल बोलायला लागलो. तेवढ्यात ते दोघे पुन्हा खुर्ची घेऊन आले, तर म्हणाली, "हात लावू नका. एकदा उतरवलंत तेवढं पुरे. मी काय गणपती आहे, वर चढवायला?" आणि खालच्या पायरीवर बसली ती बसलीच. इकडे वरून पूजेच्या गुरुजींची हाक, मुहूर्त टळतोय, यजमान या, बाईसाहेबांना आणा. मी मध्यावरच्या पायरीवर, ना वर ना खाली. अवधूत म्हणाला, उतार करू सर, रॅम्प. तिथंच टेप लावला. तिला झेपेल असा सौम्य उतार काढला तर तो आमच्या फाटकातून बाहेर पडतो, रस्ता ओलांडतो आणि सूर्यभानच्या ओट्याला जाऊन टेकतो. सूर्यभान तिथंच उभे, म्हणाले, "मग काय हुतंय, वहिनी आमच्याकडून चढतील की. जाता येता चहा व्हईल."

शेवटी गुरुजींनी तोड काढली. शास्त्रात आहे म्हणे, पत्नीला येणं शक्य नसेल तर तिच्या जागी सुपारी ठेवायची. माझ्या उजवीकडे पाटावर सुपारी. तिला हळदकुंकू वाहिलं, तिला हिरवा खण वाहिला. आणि खरी पत्नी खाली पायरीवर बसून पदराने वारा घेतेय, मंत्र ऐकतेय. आहुती पडायला लागल्या तशी खालून हाक आली, आवाज तर तुम्हाला माहितीच आहे, भाजीवाल्याशी बोलून कमावलेला. "अहो, राहायलाही आता तिलाच घ्या. गुडघे नाहीत तिला."

पाहुणे हसले. गुरुजीही हसले. मी स्वाहा म्हणालो.

आता आम्ही राहतो कुठं, विचारा. बांधकामाच्या वेळी सिमेंटच्या गोण्या ठेवायला कुंपणाच्या कडेला एक खोली काढली होती. पत्र्याची, खाली साधा कोबा, अंगणाला अगदी लागून. त्या दिवशी ऊन चढलं म्हणून दमयंती तिथं जाऊन टेकली. दुसऱ्या दिवशी कॉट मागवली. मग शेगडी आली, मग देव खाली आले. आता रोज सकाळी चपला घालते आणि दारातून सरळ मातीत पाऊल टाकते. मेथी लावलीये. भाजीवाल्याशी समोरासमोर भांडते, त्यामुळे त्यालाही बरं वाटतं. मीही तिथंच झोपतो, पत्रा तापतो, पण झोप लागते. वरच्या घरात फक्त भागूबाई जाते, फरशी पुसायला, आणि येऊन रोज तेच सांगते, "सर, ती फरशी न्हाई, किसनी हाय. फडक्याचा निस्ता कीस पडतोय. कुनी ऱ्हात न्हाई त्येच बरंय, न्हाईतर पायाची बी साल निघाली आस्ती."

हे सगळं रुळलं होतं हो. आणि काल हा अवधूत आला. पाया पडला. खोलीभोवती एक चक्कर मारली, वर आभाळाकडे बघितलं, खाली कोब्याकडे बघितलं आणि म्हणाला, "सर, पावसाळ्यात हिच्यात पाणी शिरणार. पण तुम्ही टेन्शन घेऊ नका. हिचं जोतं थोडं उचलून घेऊ."

मी उठलो. आज याला हाकलायचा, गुरुशिष्य गेलं खड्ड्यात, म्हणून उठलो. तावातावाने दाराबाहेर आलो. बाहेर पडताच मान खाली गेली, सवय आहे जन्माची, वाकलो, चिमूटभर माती उचलली, बोटांत चोळली. आणि तुम्हाला खरं सांगू का... त्याचं बरोबर आहे. शिरणार पाणी.

ती मेथीला पाणी घालत होती. मी अवधूतला जरा बाजूला घेतलं, तिला ऐकू जाणार नाही इतकं, आणि हळूच विचारलं, "किती थर रे?"