कुंडीखालची किल्ली

ऑस्ट्रेलियातल्या टूवूम्बा गावात सप्टेंबरचा फुलांचा उत्सव तोंडावर आला होता. हार्डवेअरच्या दुकानात माझ्यापुढे दोन म्हाताऱ्या शेजारणी रांगेत होत्या. एकीच्या हातात नवं कुलूप होतं.

"मर्ल, यंदा तरी बाग लोकांना दाखवू नकोस. गेल्या साली तू पुढे गुलाब दाखवत बसलीस आणि मागच्या दाराने चोर शिरला. नवऱ्याची आठवण म्हणून एक घड्याळ होतं, तेही गेलं."

"मग माझ्या केननं लावलेले गुलाब मी कुलपात ठेवू का, नोरीन? बाग उघडीच राहणार. दार तेवढं बंद."

"आणि किल्ली? नेहमीसारखी जिरेनियमच्या कुंडीखाली?"

"किल्ली माझ्या गळ्यात. कुंडीखाली चिठ्ठी ठेवलीये."

"चोराला चिठ्ठी? काय लिहिलंस बाई?"

"कुंडी उचललीच आहेस, तर जरा पाणीही घाल."