सहीपुरता भाऊ

— नाय नाय, बसा हो, उठू नका. चार वाजेस्तोवर तुमच्या मेव्हन्याला ते काय खाली सोडत नायत, वॉचमननं सांगितलं ना — टाइम मतलब टाइम — मंग उन्हात कामून हुबं राहता? लिंबाखाली बाकडं हाय, घ्या बसून. तर मी काय म्हनत व्हतो — व्हय, सहीचं. एक सही फक्त. पैशाचा मामला नाय, बगा, ही पावती, एकवीस दिवसाचे आगाऊ भरले सकाळीच. कंपनीतून काढलं तवा जो हिशोब मिळाला त्यातून पैले हेच बाजूला काढले अन बंडीच्या आतून शिवून टाकले — शिवून, व्हय, दाभनानं, कारन माजा माज्यावर भरोसा नाय. तर पैसे भरून झाले, अन आतला क्लार्क म्हनतो, मुंजाबा, नातेवाईक कुठंय? इथं दारू सोडाया एकट्याला घेत नायत म्हने. घरचं एक मानूस लागतं — भरती करताना सही कराया, अन दर गुरुवारी मिटिंगला बसाया. म्हनलं, कोनी नाय. तर म्हनतो, असं कसं, आभाळातून पडला का तू? मंग मी ठोकून दिलं, भाऊ येतोय, बस चुकली आसंल. पाच वाजेस्तोवर रजिष्टर उघडं हाय. आता भाऊ कुठून आनू? तुमाला पाह्यलं अन मनात आलं, हा मानूस चांगला दिसतो. तुमी हसले, पन मी गमतीनं नाय बोलत.

तुमाला वाटंल, आज काम सुटलं म्हनून आज सुचलं याला. नाय हो. तीन साल झाले हिंडतोय. रांजनगावात माजी खोली हाय, तिथल्या डाक्टरनं सलाईन लावली, चार दिवस बरं वाटलं, पाचव्या दिवशी पाय आपोआप गुत्त्याकडं. मंग कुनी सांगितलं, शहागंजात एक मानूस पावडर विकतो, हमखास गुन. गेलो. म्हनला, चहात कालवून द्यायची, पन पिनाऱ्याला अजिबात कळू द्यायचं नाय, कळलं का असर गेला. आता घरात मी एकटा! पिनारा मी, देनारा मी. पन पैसे गेले व्हते, टाकून कशी द्यायची? मीच चहा केला, मीच पावडर कालवली, कप ठिवला, भिंतीकडं तोंड करून बसलो घटकाभर, कॅलेंडर वाचलं, मंग वळलो अन म्हनलं — आरं वा, चहा! — अन पिलो. सात दिवस. हसा, हसा, मला बी हसू येतं आता. तवा नाय आलं. आठव्या दिवशी तोंड भिंतीकडं करून बसलो तर वळूच नाय वाटलं. लई एकटं वाटलं हो. कप गार झाला, तसाच मोरीत वतला. शेवटी घाटीच्या सरकारी दवाखान्यात गेलो, तिथल्या डाक्टरीनबाईनं ह्या जागेची चिठ्ठी लिहून दिली, म्हनली, तुमच्यासारखे लोक बरे झालेत तिथं, पन कुनाला तरी संगं न्या. मी व्हय म्हनलं. तीन महिने चिठ्ठी खिशात घेऊन फिरलो.

बायको? हाय की. व्हती. वच्छला. पोरीला घेऊन फुलंब्रीला बापाकडं गेली, त्याला आता सहा साल झाले. तिला कोन्या तोंडानं बलवू? तिनं सगळं करून पाह्यलं, तिच्याकडं बोट नाय. भाऊ हाय सख्खा, कचरू, गावाकडं मेंढरं हायेत त्याची, वैजापूर तालुक्यात आमचं गाव. आई हाय — दगडाबाई — अजून खमकी हाय, कळपामागं चालती. पन ते नाय यायचे. राग हाय म्हनून नाय. त्यांच्या मतं मला दारूची बिमारीच नाय. त्यांच्या मतं माज्या अंगात देव हाय.

व्हय, देव. म्हसोबा. आता विषय निघालाच हाय तर सांगतो, तुमाला बी टाइम काढायचाय. मी तवा वैजापूरला जिनिंगवर हमाली करायचो, पंचवीस वर्साचा गडी, अन हमाली म्हनजे संध्याकाळी पावशेर आलीच. पावशेरचा अर्धा शेर, अर्ध्याची बाटली, मंग सकाळी उठल्याबरोबर लागायची. आईला कळलं. तिनं मला घरी ओढून आनलं अन तळहातावर भंडारा ठिवला — उचल, म्हनली, घे आन. आमच्यात भंडारा उचलला म्हनजे मागं फिरनं नाय. उचलला. अन पाळला बी, खरं सांगतो, दोन दिवस एक थेंब नाय. तिसऱ्या दिवशी हात थरथराया लागले. मंग खांदे. मंग समदं आंग, दात वाजतेत, घामानं निथळतोय, अन मला भिंतीवर मेंढरं दिसाया लागली, भिंतीवर चढनारी मेंढरं — मी त्यांला हाकलतोय, वरडतोय. इथला डाक्टर सकाळी सांगत व्हता, एकदम सोडली का असं व्हतं, ही बिमारी हाय, त्याला औषध हाय. पन आमच्याकडं कुनाला काय माहीत? थरथरतंय, घुमतंय, डोळे फिरलेत — म्हनजे वारं आलं! आईनंच पैले कुंकू लावलं. लोक जमा झाले, हलगी वाजाया लागली, मला उचलून शिवंवरच्या म्हसोबापुढं नेलं. बापानं — बापानं हो — माज्या पायावर डोकं ठिवलं अन इचारलं, देवा, काय पायजे तुला?

आता म्हसोबाला काय लागतं ते तुमाला ठावं हाय. अन मला काय लागत व्हतं ते बी आता ठावं झालं. मी म्हनलं, दारू. आनली. पिलो. अन पाच-दहा मिन्टात आंग शांत. समदे म्हनले, देव पावला, गोड झाला. आई रडली आनंदानं. आता सांगा, तिथं मी काय म्हनायला पायजे व्हतं? पैल्यांदा मला बी वाटलं, खरंच आसंल देव. दुसऱ्यांदा बी वाटलं. तिसऱ्या बारीला नाय वाटलं. पन तवर लोक नारळ घेऊन याया लागले व्हते. मेंढरू हरवलंय, पोरगी नांदत नाय, सून आजारी — इचारायचे, अन हातात बाटली. दुपारी जरा उशीर झाला का हात हलायचा, हात हलला का गाव पळत यायचं. घरबसल्या दारू, वर पाया पडनं. कोन सोडंल? मी नाय सोडली. आठ साल नाय सोडली.

नाय, तसं फसवनं कुनाचं जास्त नाय. म्हनजे मेंढरू उत्तरंला सापडंल म्हनायचो, कधी सापडायचं. त्यानं कुनाचं काय बिघडत नाय. तसं बिघडलं नाय कुनाचं —

पानी प्या. घ्या ना, माठातलं हाय. बगा, लई दिवसात इतकं कुनी ऐकलं नाय. अठ्ठ्याहत्तर साल आठवतं तुमाला? त्याच साली, वारं सुरू झाल्यावर काय दोन-चार महिन्यांनी. मुंबईत ठराव झाला, आपल्या हिथल्या विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं, अन गावोगाव पेटलं. आमच्या गावात बौद्धवाड्याची सात घरं. त्यात एक फकिराचं. फकिरा अन मी एका वर्साचे. त्याची आई राजाबाई, आख्ख्या गावाची सुईन — माजी नाळ तिनं कापली, कचरूची तिनं कापली, मला तर ती भेटली का म्हनायची, तू पायाळू लेका, दोन घटका दमवलंस मला. तर फकिरा औरंगाबादला मोर्चाला जाऊन आला. झालं. साहेबराव पाटलानं म्हसोबापुढं मानसं जमवली. काही म्हनत व्हते, आपल्याच गावची लेकरं हायत, कशाला बखेडा. साहेबराव म्हनला, आपन कामून भांडायचं? देवाला इचारू. अन मला आनलं. सकाळपासून मला कुनी दिली नव्हती हो — आता वाटतं, मुद्दाम दिली नसंल — आंग असं हलत व्हतं का जिभंला दात लागून रगत आलं. साहेबरावच्या हातात बाटली, भरलेली. तो म्हनला, देवा, ह्या सात घरांला गावात ठिवायचं का काढायचं?

मी बाटलीकडं बगत व्हतो. दुसरं काय दिसतच नव्हतं. ठिवा म्हनलो आसतो तर त्यानं दिली नसती. त्याच्या डोळ्यातच लिहिलं व्हतं ते. मी म्हनलं, काढा.

कुनी हात नाय लावला त्यांला. दुसऱ्या गावांत झालं तसं जाळपोळ नाय. नुस्तं पानी बंद, गिरनी बंद, दुकान बंद, मजुरी बंद. देवाचा शब्द म्हनल्यावर जे 'कशाला बखेडा' म्हनत व्हते ते बी गप बसले. आठव्या दिवशी सात घरं उठली, डोक्यावर भांडी, शिवंवरून गेली, म्हसोबाच्या म्होरून. मी तिथंच व्हतो, शुद्धीत व्हतो. राजाबाईनं मला पाह्यलं. थांबली जराशी. म्हनली, मुंज्या, पोटात अन्न घालत जा रे बाबा. त्या पावसाळ्यात ती टेशनामागच्या झोपडीत तापानं गेली, ते मला लई मागून कळलं.

नाय, डोळ्यात कायतरी गेलंय. लिंबाचा कचरा पडतो.

तर मंग मी बी गाव सोडलं. पाया पडनाऱ्याची भीती वाटाया लागली मला. शह्याऐंशीला वाळूजला लागलो, प्रेसवर हेल्पर, अन पैल्या दिवशी शेजारच्या मशिनीवर कोन? फकिरा. मला धडकीच भरली. पन त्यानं गळ्यात हात टाकला, आख्ख्या लायनीला वरडून सांगितलं — हा माज्या गावचा देव हाय, याला नारळ फोडा! तसाच हाय तो, तोंडाचा फटकळ. युनियनचा मानूस, साहेबाला बी सोडत नाय. आठ साल बाजूला काम केलं. मी पिऊन आलो का मला मशिनीपासून ओढून मागं बसवायचा, आईवरून शिव्या द्यायचा, अन माजे पीस तोच काढायचा. औंदा जानेवारीत नाव झालं विद्यापीठाला, तवा पैली शिफ्ट सुटताना गेटवर पेढे वाटत व्हता. मला बी दिला. म्हनला, सोळा साल लागले रे मुंज्या. मी पेढा घेतला अन हातात धरून खोलीवर गेलो. खाऊच वाटंना. मुंग्या लागल्या त्याला, तवा टाकला.

मंग त्यालाच बलवा म्हनता? बलवलं ना! इथंच तर अडलंय. परवा शिफ्टच्या बसच्या डायवरबरोबर सांगावा धाडला, सोमवारी ये, सही लागती, भाऊ म्हनून. त्यानं उलटा सांगावा धाडला — येतो म्हनावं, सुट्टी टाकतो, भाऊ म्हन नायतर जावई म्हन. पन येईन तर गुरुवारी बी येईन. गुरुवारचा हिथला नियम त्याला ठावं हाय, त्याच्या चुलत्याला हिथंच आनलं व्हतं. तुमाला नाय ठावं? तुमच्या मेव्हन्यानं नाय सांगितलं? गुरुवारी गोल करून बसवतेत अन सही करनाऱ्याच्या तोंडाकडं बगून सांगावं लागतं — दारूपायी काय काय केलं. समदं. नुस्तं 'चुकलो' म्हनून सोडत नायत. लपवलं का तेच पोटात राहतं अन तेच पुन्हा प्यायला नेतं, असं डाक्टर म्हनतो. आता मला सांगा — फकिरा म्होरं बसलाय, अन मी काय सांगू? का तुमची सात घरं देवानं नाय काढली, एका बाटलीनं काढली? का तुजी माय —

मंग मीच परत कळवलं, नगं येऊ. म्हनून तुमी, साहेब. तुमच्या म्होरं मी काय बी सांगंन. वच्छलाला मारलं ते सांगंन, पोरीची पैंजनं इकली ते सांगंन, सगळं खरंच हाय. तुमाला काय, तुमी ऐकलं अन गेले. तीन गुरुवार फक्त. बसभाडं मी देईन. आता हे एवढं सांगून बसलो तुमाला, कामून सांगितलं काय कळंना, पन तुमी तर परके, तुमच्यापाशी —

काय बगताय? कुठं? गेटापाशी — सायकल लावतोय तो? हिरव्या शर्टाचा?

आला. म्या नगं म्हनलं तरी आला. दुसरी शिफ्ट बुडवून आला. बगा, वॉचमनशी भांडाया बी लागला आल्या आल्या — ऐकू येतंय ना, म्हनतोय, मी भाऊ हाय, कार्ड कशाला दाखवू. तुमी उठा. नाय, रागानं नाय म्हनत, उठा तुमी, जागा करा. घंटा झाली, मेव्हना खाली आला आसंल. सही नगं आता. अन माजं नाव कुठं काढू नका. — ये रे. ये. ते? ते कोनी नाय, बसले व्हते हिथं सावलीला. जा हो तुमी, जा. — नाय फकिरा, आत नगं लगेच, रजिष्टर पाचपातूर उघडं हाय. गुरुवारपातूर थांबाया बी नगं. तू आदी बस हिथं. सही मागून कर, करावी वाटली तर.