आजच्यापुरतीच

— तिथं नको, जरा अलीकडे या. त्या फरशीवर पाय नका ठेवू. ओली नाहीये हो, ती मीठवालीची आहे. कडेला पांढरं दिसतंय ना? नगरपालिकेनं पंप लावून सगळा चौक धुतला, तरी दोन उन्हं लागली की मीठ परत वर येतं. हां, इथं बसा, कारंज्याच्या कठड्यावर. मका घ्या थोडा. कच्चट लागेल — मला अजून नीट उकडायला जमत नाही.

तर इतिहास हवाय तुम्हाला. राजधानीतून आलात, आणि कचेरीत सांगितलं की विल्कामार्काच्या चौकाचं विचारायचं तर तिलाच विचारा, ती स्पेनला शिकून आलीय — असंच ना? फलकावर लावायला. लावा की. स्पेनच्या कप्तानानं मधोमध खुंटा ठोकला, दोरी ताणली, चार बाजू आखल्या. एका अंगाला चर्च, समोर कचेरी, दोन्हीकडे कमानी, आणि मधे फटके मारायचा खांब. खांब कुठं होता? तुम्ही आत्ता पाणी प्यालात तिथं. एवढं सगळ्याच फलकांवर असतं. आमच्या आज्या-पणज्या दर गुरुवारी इथं बाजार मांडायच्या, ते मात्र कुठंच नसतं. का नसतं? तेच शोधायला तर गेले होते मी. सात वर्षं. आणि तिकडच्या दप्तरात कागद सापडला — एक नाही, तीन, दोनशे वर्षांतले. दर वेळी कारकून चौकात फिरून विचारतो, बाई, तू इथं कायमची बसतेस का? आणि दर वेळी एकूण एक बाई म्हणते, नाही साहेब, आजच्यापुरतीच बसलेय. कारकून बिचारा लिहून टाकतो — चौकात कायमचं कुणी बसत नाही. मी ते वाचलं आणि तिथंच रडले. म्हटलं, किती भ्यायल्या असतील. भ्यायल्या — असं वाटलं मला.

अहो, अजूनही तेच म्हणायच्या त्या. साबिना मावशी, माझ्या आईची थोरली बहीण — ही मी बसलेय ती तिचीच फरशी, हे मधे गोल दिसतंय ना, ते तिच्या हंड्याचं — शिपाई आला की हातातला डाव न थांबवता म्हणायची, आजच्यापुरतीच रे राजा. चाळीस वर्षं. मला राग यायचा त्याचा. मी परत आले ती डोक्यात वहिवाट, हक्क, न्याय असलं सगळं भरून आले. आणि आउरेलिओ होता ना माझ्याबरोबर. तिकडे एका पातेल्यातली मसूर खाऊन शिकलो आम्ही, तो घरं बांधायचं, मी इतिहास. तो नगरपालिकेत लागला. म्हणाला, तू नकाशा कर — कुठल्या फरशीवर कोण बसते, तिच्या आधी तिची आई, तिच्या आधी आजी. एकदा कागदावर आलं की कुणाचा बाप त्यांना हलवू शकणार नाही. पटलं मला. का नाही पटणार? फरशी-फरशी फिरले. एकसष्ट बायकांना बोलतं केलं. म्हटलं, पिढ्यानपिढ्या खोटं सांगितलंत, आता खरं सांगा. सांगितलं त्यांनी. मीठवाली तर आईचं नाव सांगताना रडली. माझ्या शिक्षणाकडे बघून नाही हो सांगितलं — साबिनाची भाची म्हणून सांगितलं.

तो नकाशा, नावांच्या यादीसकट, नगरपालिकेनं जसाच्या तसा बायांना उठवायच्या नोटिशीला जोडला. जुन्या चौकात तात्पुरत्या विक्रीला मुभा आहे, कायमच्या ताब्याला नाही. आणि या बायांचा ताबा कायमचा, पुरावा सोबत. खाली माझं नाव, शेजारी आउरेलिओची सही. मी तशीच त्याच्या खोलीत गेले. उठलासुद्धा नाही खुर्चीतून. म्हणाला, "तुझं एक अक्षर तरी बदललंय का मी?" — नव्हतं बदललं. तेच तर.

आता सगळ्या नदीपलीकडे, बसस्टँडच्या मागे, पत्र्याच्या शेडात. मावशीसुद्धा. — काय? मावशीनंही सांगितलं होतं का? आता यादीत नाव आहे म्हणजे सांगितलंच असणार ना. नाही... नाही सांगितलं. घरात, जेवताना, तीनदा विचारलं मी, आणि तीनदा ती म्हणाली, पोरी, मी आजच्यापुरती बसते. मग नकाशात बरोबर मधोमध भोक दिसायला लागलं. एकसष्ट फरश्या भरलेल्या आणि ही एक रिकामी. मला ठाऊकच होतं की सगळं — माझीच आजी, माझीच पणजी. भरलं मी. मीच भरलं. नसतं भरलं तर ती आज इथं असती. परवा शेडात गेले तिला भेटायला. तिनं वाडग्यात मका घातला, पुढं केला, आणि गिऱ्हाईकाला सांगावी तशी किंमत सांगितली, "दोन सोल, बाईसाहेब." बाईसाहेब. याच चौकात तिच्या पाठीवर बांधलेली असायची मी.

म्हणून येऊन बसते दर गुरुवारी. एक गुरुवार फरशी रिकामी राहिली की गेली, असा रिवाज आहे इथला. मला कसं बसू देतात? माझं नाव यादीत नाही ना. यादी करणाऱ्याचं नाव यादीत कुठं असतं?

कोण, ती कमानीखालची? बटाटेवाली, एर्मेलिंदा. ती तेवढी राहिली. पक्की बाई. मी विचारायला गेले तर तोंड वर करून म्हणाली, मी डोंगरापलीकडची, पहिल्यांदाच आलेय. मला सांगते, जिला तिनं अंगाखांद्यावर खेळवलं. माझा नकाशा उघड्या चौकापुरता होता, कमानी त्यात नव्हत्या, म्हणून मीही सोडून दिलं. पण अहो, तिची पणजी कमानीच्या त्याच खांबाला टेकून बसायची, टोपली घासून घासून दगड झिजलाय बघा तिथला —

तुम्ही लिहीत होतात?

मी बोलत होते तेव्हापासून? दाखवा. — एर्मेलिंदाचं नाव लिहिलंत. खांबसुद्धा. खोडा ते. नाही, खोडून नाही चालायचं, खोडलेलं वाचता येतं, माझा जन्म त्यातच गेलाय. पान फाडा. द्या इकडे ते पान.

कोण मी? मी कशाला काय सांगेन? मला इथलं काही माहीत नाही. मी डोंगरापलीकडची. आजच्यापुरतीच बसलेय. सरका आता, गिऱ्हाईक येतंय.