बेचाळिसावे यंत्र

मी खाली सही करणारा, वय ४३ वर्षे, धंदा संगणक व नेटवर्कची देखभाल, राहणार बाजारामागची गल्ली, शिंप्याच्या दुकानावर, दुसरा मजला. पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून, विचारल्यावरून सांगतो की,

वरील पत्त्यावर मी पत्नी व आई यांच्यासह राहतो. टेकडीजवळच्या वृद्धनिवासाचे नेटवर्क नऊ वर्षांपासून माझ्याकडे आहे. तिथे खोली क्रमांक १४ मध्ये राहणारे मयत, वय ७८, हे माझे मास्तर. तंत्रशाळेत त्यांनीच मला हे काम शिकवले. तीन वर्षांपूर्वी ते निवासात राहायला आले, तेव्हा पहिल्याच दिवशी माझ्या तारांची गुंतवळ बघून त्यांनी मला सगळ्यांदेखत फैलावर घेतले होते.

दर सोमवारी सकाळी मी व्यवस्थापकांच्या लेखी परवानगीने तिथले नेटवर्क तपासतो. म्हणजे लॅपटॉपवरून आतल्या प्रत्येक पत्त्यावर हाक मारतो. जे यंत्र चालू असेल ते ओ देते. मग ओ देणाऱ्या प्रत्येकाचे कोणते पोर्ट, म्हणजे आत शिरायची दारे, उघडी आहेत ते पाहतो. मास्तर याला हजेरी म्हणत. काम आटोपून मी वरच्या मजल्यावर त्यांच्या खोलीत गेलो की विचारत, "किती हजर? वर्गात कुणी आगाऊ शिरलं नाही ना?" मग आम्ही चहा घेत असू. हवालदार म्हणाले, चहाचे लिहायची गरज नाही. मी म्हणालो, लिहून घ्या, कारण त्या सोमवारी मी वर गेलो नाही.

त्या सोमवारी सकाळी ९ वाजून १० मिनिटांनी मी तपासणी सुरू केली. माझ्या यादीत एक्केचाळीस यंत्रे आहेत. ओ बेचाळीस यंत्रांनी दिली. बेचाळिसावे वायफायवर होते व त्याला नाव दिलेले नव्हते, त्यामुळे कोणत्या खोलीत आहे ते कळले नाही. त्याचे ५५४ क्रमांकाचे पोर्ट उघडे होते. ते बहुधा कॅमेऱ्याचे असते. म्हाताऱ्या माणसांवर कुणीतरी चोरून डोळा ठेवतो आहे असे वाटून माझे डोके तापले. नोंद नसलेले यंत्र आधी बंद करायचे, चौकशी मागाहून, ही मास्तरांचीच शिकवण. ९ वाजून ४० मिनिटांनी मी त्या यंत्राचा पत्ता राउटरमध्ये अडवला. त्यानंतर खोल्याखोल्यांत जाऊन विचारायला हवे होते. परंतु एका दवाखान्यातून प्रिंटर बंद पडल्याचा फोन आला, म्हणून दुपारी येऊन विचारू असे ठरवून कार्यालयात सही करून निघालो. दुपारी मी गेलो नाही.

पुढची हकिकत मला नंतर समजली. मयताची मुलगी परगावी नोकरीला असते. काही दिवसांपासून ती दुपारी दोन वाजता, जेवणाच्या सुट्टीत, वडिलांना फोनवर पाहत असे. ते कॅमेऱ्याला हात करून रिकामे ताट दाखवत. त्या दिवशी पडद्यावर काहीच दिसले नाही. वडिलांनी फोन उचलला नाही, म्हणून तिने निवासाच्या कार्यालयात फोन केला. कारकूनबाईंनी सांगितले की आज नेटवाला येऊन गेला, त्यानेच काहीतरी केले असेल, आजोबा झोपले असतील. कारकूनबाईंना मी दोष देत नाही. माझ्याबद्दल त्या बोलल्या ते खरेच होते.

मास्तर त्या वेळी पलंग आणि टेबल यांच्या मधल्या जागेत पडलेले होते. साडेचार वाजता चहा घेऊन गेलेल्या मावशींना ते दिसले. श्वास चालू होता. सहा वाजता रुग्णालयात वारले. डोक्यात रक्तस्राव झाला होता. दोन तास आधी आणले असते तर वाचले असते का, असे मी डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, सांगता येत नाही. मी पुन्हा विचारले. त्यांनी तेच सांगितले.

मंगळवारी सकाळी मी अडवलेला पत्ता मोकळा केला. तसे करायला मला कुणी सांगितले नव्हते. पुन्हा हाक मारली, तर बेचाळीसही हजर होते.

त्यानंतर ताई, म्हणजे मयताची मुलगी, आल्या. मी कोण ते त्यांना सांगितले. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला सोपे गेले असते. त्या म्हणाल्या, "कॅमेरा मी पाठवला, गुरुवारी बाबांनी स्वतः बसवला. नेटवाल्यांना कळवायला नको का, असं मी विचारलं होतं. तर म्हणाले, रीतसर नोंद केलीय. माझाच पोरगा आहे तो, बघेल."

नोंदीसाठी कार्यालयात दोरीने बांधलेली एक वही आहे. ती मास्तरांनीच मला सुरू करायला लावली होती. वर्षभरापासून मी यादी लॅपटॉपमध्ये ठेवतो. व्यवस्थापकांना सही लागते म्हणून सोमवारी वहीत एक ओळ लिहितो, वरचे वाचत नाही. ताईंचे ऐकून मी ती उघडली. मास्तरांच्या अक्षरात लिहिले होते, "गुरुवार. खोली १४. कॅमेरा एक, मुलीसाठी. पोर्ट ५५४ उघडे राहील. कृपया बंद करू नये." शेजारी यंत्राचा बारा अक्षरी पत्ता होता. मी अडवलेल्या पत्त्याशी तो ताडून पाहिला. एकही अक्षर चुकलेले नाही.

त्याच्या खालची ओळ अशी आहे: "सोमवार. तपासणी केली. सर्व ठीक." त्यापुढची सही माझी आहे.

माझी कुणाविरुद्ध तक्रार नाही. ही वही मी सोबत आणून जमा केली आहे. हवालदारांनी वरचा सगळा मजकूर मला सावकाश वाचून दाखवला. मी सांगितले तसाच तो लिहिला आहे. या वेळी सही करण्याआधी मी स्वतःही तो पहिल्या ओळीपासून वाचला आहे.