थोडं म्हणजे किती थोडं

...तर त्या कंपाउंडरच्या खिडकीत तोंड घालून मी उभी, मागे सतरा बाया, आणि तो विचारतोय, "माजी, शुं थाय छे?" काय होतंय ते आता काय सांगू? सांगण्यासारखं तोंड मीच कुठे शिल्लक ठेवलं होतं...

गेल्याच महिन्यात याच खिडकीशी माझी सून सोनी म्हणाली, "कमजोरी आलीय." सायली गावच्या सूत कंपनीत आठ तास उभी असते, मान्य. पण मी तिचा केसपेपर मागे ओढला आणि सगळ्या रांगेला शिकवलं. शाळेत गेले नाही, किराण्याच्या पुड्या वाचून अक्षरं शिकले, पण तुम्हाला सांगते, शब्दांत मला कोणी हरवत नाही. म्हटलं, "बायांनो, कमजोरी फारसी शब्द. कम म्हणजे थोडं, जोर म्हणजे जोर. बाहेरून आलेला. आपल्यात हा आजारच नाही." सोनी औषध न घेताच कामावर गेली.

आणि परवा हापशाचा दांडा खाली नेला, तर त्याच्याबरोबर मीही खाली. सोनीनंच उचललं, एका हातात हंडा, एका हातात सासू. बरं, पडलं तर माणसानं पडून राहावं ना? मी शेजारच्या मालतीबाईंचा शब्दकोश मागवला, आपल्यातला एखादा अब्रूदार शब्द शोधायला. निघाला 'अशक्त'. अस्सल संस्कृत. शक् म्हणजे जमणं, त्याच्यापुढे नकाराचा अ... म्हणजे काहीच नाही? त्यापेक्षा फारसीवाले दयाळू, थोडा तरी ठेवतात. मग 'जोर' उघडला, तर तोही फारसी. म्हणजे जन्मभर मी मिरवला तो जोरही बाहेरचाच?

"माजी, लाइन लांबी छे."

मागून खेरडीची विजया म्हणते, "सांगा की मावशी. आपल्यात तर आजारच नाही ना?" कम म्हणजे थोडं, जोर म्हणजे जोर... इतकी लाज मला पडताना वाटली नव्हती. तेवढ्यात बरोबर आलेल्या सोनीनं मला हळूच बाजूला सारलं, खिडकीत स्वतःचं नाव सांगितलं. "कमजोरी. मोठी बाटली द्या." रांगेकडे बघितलंसुद्धा नाही तिनं.

तर आता बाटलीवर नाव सोनीचं, चमचे दोघींचे. रोज सकाळी विचारते, "आत्याबाई, आज कसं?" मी सगळं बळ एकवटून तोंड उघडते, तुम्हाला सांगते, अजून पहिला अर्धाच शब्द निघतो.

"कम."

बूच तीच उघडते.