पाण्यातलं ग्लायसीन

लातूर-औसा एसटीत कमलम्मा डुलकी काढायच्या बेतात होत्या, पण केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल देऊन मागच्या सीटवर बसलेल्या दोन पोरींनी त्यांची झोप पार उडवली.

“पुनम, माझा रंग काही धड बदलला न्हाई गं. ग्लायसीनमध्ये थेंब थेंब परक्लोरिक ॲसिड सोडून हात दुखला.”

“फ्लास्क कशानं धुतलास?”

“पाण्यानं. एकदम लख्ख!”

“आन् कोरडा केला न्हाईस! अक्षरे, ग्लायसीनचा स्वभाव ठाऊक हाय ना? एका टोकाला आम्ल, दुसऱ्या टोकाला आम्लारी. पाण्यात ते दोन्ही टोकं सांभाळत गप बसतंय.”

“म्हणून तर ॲसेटिक ॲसिडात घेतलं की.”

“हाव, तिथं ते उघड उघड आम्लारी होतंय, रंग झटक्यात पलटतोय. पण तू आधीच पाणी ठेवलंस आत. जाऊ दे. एमएस्सीचं आप्पांना सांगितलंस का? रविवारी पाहुणे येणार ना तुला बघायला?”

“घरात पाऊल टाकलं की माझं तोंडच उघडत न्हाई. हो बी निघत न्हाई, न्हाई बी निघत न्हाई.”

“मग घरी कशाला सांगतीस? इथंच लाव फोन, औसा यायच्या आत.”

“बसमध्ये?”

“बसमध्येच!”

कमलम्मांनी कानावरचा पदर हळूच मागं सारला.

“हॅलो, आप्पा, रविवारी पाहुण्यांना बोलावू नका. मला नांदेडला एमएस्सी करायची हाय... आँ? कोण म्हणजे? अक्षराच बोलायले की, आप्पा!”